हिंसेसारखा विषय शिकवताना आघातातून गेलेल्या विद्यार्थ्यांचे भान कसे ठेवावे?

प्रश्न : समाजशास्त्राची प्राध्यापिका

नमस्कार. पदव्युत्तर वर्गाला मी हिंसेच्या समाजशास्त्रावरचा एक ऐच्छिक विषय शिकवते. विषयच असा असल्यामुळे वाचनात पीडितांच्या जबान्या, न्यायालयीन निकालांमधली वर्णने आणि माहितीपटांचे काही भाग येतात, आणि ते गाळून हा विषय शिकवता येईल असे मला वाटत नाही. या सत्रात घडलेल्या दोन प्रसंगांमुळे हा प्रश्न विचारत आहे. कोणाची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

पहिला प्रसंग असा की, कौटुंबिक हिंसेवरचा माहितीपट चालू असताना एक विद्यार्थिनी उठून बाहेर गेली आणि पुढच्या आठवड्यातही तासाला आली नाही. आमच्या विभागात हजेरीला गुण आहेत, त्यामुळे नियमाने तिचे गुण जातात. तिने काही सांगितलेले नाही आणि मीही विचारलेले नाही. दुसरा प्रसंग टिपणाचा आहे. 'वाचलेल्या मजकुराचा स्वतःच्या अनुभवाशी संबंध जोडून टिपण लिहा' असा एक स्वाध्याय या अभ्यासक्रमात माझ्याही आधीपासून चालत आलेला आहे. एका विद्यार्थ्याने त्यात लहानपणी घरी सोसलेल्या मारहाणीविषयी चार पाने लिहिली. लेखन थेट आणि नेमके आहे, पण वाचायला दिलेल्या लेखाचा त्यात एका ओळीतही उल्लेख नाही, आणि मूल्यमापनाचे निकष लावले तर दहापैकी तीन-चारांच्या पुढे गुण जात नाहीत. त्या पानांच्या समासात 'सैद्धान्तिक चौकट कुठे आहे?' असे लाल शाईने लिहायला हात धजावत नाही, आणि काहीच न लिहिता पूर्ण गुण द्यावेत तर इतरांवर अन्याय होतो.

विभागातली मते दोन टोकांची आहेत. एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, सत्राच्या सुरुवातीलाच सर्वांकडून एक गोपनीय फॉर्म भरून घ्यावा, म्हणजे कोणावर काय बेतले आहे ते आपल्याला आधीच कळेल आणि त्यानुसार जपून वागता येईल. दुसऱ्यांच्या मते आपण शिक्षक आहोत, वैद्य नाही. प्रौढ विद्यार्थ्यांनी हा विषय स्वतःहून निवडलेला आहे आणि त्यांना असे जपत बसणे म्हणजे त्यांना कमी लेखणे होय. 'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड', म्हणजे आघाताचे भान ठेवून केलेल्या, अध्यापनावर मी जे काही वाचले, त्यात तत्त्वे पुष्कळ सापडली, पण येत्या सोमवारी वर्गात नेमके काय करायचे हे फारसे सापडले नाही. म्हणून ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांच्याकडून ऐकायचे आहे. फॉर्म घ्यावा का? आशयाबद्दल आधी इशारा द्यावा का? आणि त्या टिपणाचे काय करावे?

उत्तर १ : विद्यापीठातील समुपदेशक

मॅडम, तुमच्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर सर्वांत सोपे आहे. फॉर्म घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारी सांगते की, जगातील सुमारे ७० टक्के लोकांच्या आयुष्यात कधी ना कधी आघातकारक ठरू शकेल अशी घटना घडते, मात्र त्यांपैकी साधारण ५.६ टक्के लोकांनाच पुढे आघातोत्तर तणाव विकार (पीटीएसडी, म्हणजे घटना सरल्यावरही टिकून राहणारा मानसिक विकार) जडतो. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहिले की फॉर्मची निरर्थकता लक्षात येते. घटना विचारली तर बहुतेक सगळा वर्ग 'हो' म्हणेल आणि त्यातून कोणाला काय लागते हे कळणारच नाही. परिणाम विचारला तर तुम्ही निदान करायला बसलात, आणि ते तुमचे काम नाही. शिवाय ज्याला खरोखर सांगता येत नाही, तो फॉर्मवरही सांगत नाही. तुम्हाला फक्त एवढेच गृहीत धरायचे आहे की वर्गात अशी माणसे असणारच, आणि ती कोण हे न कळताही वर्ग चालवता आला पाहिजे.

ही दृष्टी मुळात वर्गासाठी तयार झाली नव्हती. मॅक्सिन हॅरिस आणि रॉजर फॅलॉट यांनी २००१ साली ती मानसिक आरोग्य सेवांच्या संदर्भात मांडली, आणि त्यांचा भर उपचारपद्धतीपेक्षा सेवा देणाऱ्या संस्थेच्या रोजच्या वागणुकीवर होता. रुग्णाला दारातच काय विचारले जाते, त्याला न सांगता काय केले जाते, नकार देण्याची सोय त्याला असते की नाही, अशा साध्या गोष्टींमधून संस्था नकळत जुनी जखम उघडते, हा त्यांचा मुद्दा होता. पुढे २०१४ मध्ये अमेरिकेतल्या 'सॅम्सा' या शासकीय संस्थेने सुरक्षितता, विश्वासार्हता आणि पारदर्शकता, परस्पर आधार, सहकार्य, निवडीचा अधिकार आणि सांस्कृतिक-ऐतिहासिक भान अशी सहा तत्त्वे सांगितली. त्याच वर्षी जॅनिस कॅरेलो आणि लिसा बटलर यांनी उच्च शिक्षणाबद्दल जो लेख लिहिला, तो तुमच्या कामाचा आहे. आघात हा विषय शिकवणे आणि आघाताचे भान ठेवून शिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली करणारे शिक्षक दुसरीकडे दुर्लक्ष करत असल्याचे बरेचदा आढळते, असे त्यांनी दाखवून दिले. धक्कादायक आशय तयारीशिवाय समोर ठेवणे आणि विद्यार्थ्यांकडून स्वतःचे अनुभव लिहवून घेणे, ही त्यांची उदाहरणे तुमच्या दोन्ही प्रसंगांशी जुळतात.

बोलल्याने मन मोकळे होते, हा समज आपल्याकडे फार खोलवर आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. आघातानंतर लगेच एका बैठकीत घटनेविषयी बोलायला लावण्याची पद्धत एके काळी बरीच प्रचलित होती. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००२ सालच्या आढाव्यात या पद्धतीने विकार टळतो याला आधार मिळाला नाही, आणि अशा सक्तीच्या बैठका थांबवाव्यात असाच त्याचा निष्कर्ष होता. ती बैठक प्रशिक्षित माणूस घेत असे, तरी ही गत. गुणांसाठी, मुदतीत आणि जिच्या हाती निकाल आहे अशा व्यक्तीसमोर केलेले अनुभवकथन त्याहून हितकारक असेल असे मानायला मला कोणताही आधार दिसत नाही. स्वतःहून आणि स्वतःच्या वेळी बोलणे ही निराळी गोष्ट आहे, त्याला कोणी अडवू नये.

आता माहितीपटाकडे येतो. इथे मला १९७२ साली प्रसिद्ध झालेले डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांचे प्रयोग नेहमी आठवतात, जरी ते आघाताविषयी नसून गोंगाटाविषयी होते. लोकांना मोठा, अनियमित आवाज ऐकवला गेला. काही जणांना सांगण्यात आले की समोरची कळ दाबली तर आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ती दाबली नाही, म्हणजे सर्वांनी सारखाच गोंगाट ऐकला. तरीही नंतर सुटू न शकणाऱ्या कोड्यांवर कळवाले अधिक चिकाटीने बसले आणि मुद्रितशोधनात त्यांच्या चुका कमी झाल्या. ज्यांना आवाज कधी येणार हे आधी ठाऊक होते, तेही अचानक आवाज सोसणाऱ्यांपेक्षा सावरलेले दिसले. अंदाज बांधता येणे आणि थांबवण्याची सोय हाताशी असणे, या दोन गोष्टींनी त्याच ताणाचा परिणाम बदलला. आघाताचा अनुभव म्हणजे पुष्कळदा नेमके या दोन्ही गोष्टी हिरावल्या जाण्याचा अनुभव असतो, त्यामुळे वर्गात त्या परत देता आल्या तर शिक्षकाच्या हाती असलेले बरेचसे काम झाले असे मी समजतो.

प्रत्यक्षात ते असे करता येते. माहितीपट कोणत्या तारखेला आहे हे सत्राच्या सुरुवातीलाच वेळापत्रकात छापायचे. दाखवण्याआधी 'अठराव्या मिनिटाला मारहाणीचे दृश्य आहे, ते साधारण दोन मिनिटे चालते, त्यानंतर मुलाखत सुरू होते' असे सपाट आवाजात सांगायचे. वर्गात पूर्ण अंधार करायचा नाही आणि दार बंद करून त्यासमोर उभे राहायचे नाही. 'बाहेर जायचे असल्यास परवानगी मागू नये, परत येताना कारण सांगू नये' हे वाक्य सर्वांना उद्देशून, कोणाकडेही न बघता म्हणायचे. ज्यांना पडद्यावर पाहायचे नसेल त्यांच्यासाठी त्याच भागाचा लिखित सारांश आधीच उपलब्ध ठेवायचा. बहुतेक विद्यार्थी यातले काहीच वापरणार नाहीत. वापरले नाही म्हणून सोय वाया गेली असे मात्र समजू नका.

त्या विद्यार्थिनीला तुम्ही चार ओळींचा ईमेल पाठवावा असे मला वाटते, आणि त्यात 'काय झाले?' हा प्रश्न नसावा. मी असा लिहीन : 'गेल्या आठवड्यात तुम्ही वर्गात दिसला नाहीत. त्या तासांचे वाचन आणि टिपणे सोबत जोडली आहेत. पुढील तासात फक्त लेखावर चर्चा आहे, चित्रफीत नाही. कारण कळवण्याची गरज नाही. अभ्यासाच्या बाबतीत काही सोय हवी असल्यास सांगावे, आणि अभ्यासाबाहेर कोणाशी बोलावेसे वाटल्यास समुपदेशन केंद्राचा पत्ता खाली दिला आहे.' हाच मजकूर आजारी पडलेल्या किंवा कंटाळलेल्या विद्यार्थ्यालाही चालतो, आणि तसा तो चालला पाहिजे. ती आघातामुळेच बाहेर गेली हे तुम्हाला माहीत नाही. तिचा फोन आलेला असू शकतो.

टिपणाच्या बाबतीत गुण आणि प्रतिसाद वेगळे करा. विद्यार्थ्याला आधी माणूस म्हणून उत्तर द्या : तुम्ही हे लिहिलेत, ते मी नीट वाचले, ते विश्वासाने माझ्यापर्यंत आणल्याबद्दल आभारी आहे, आणि त्यावर गुण देणे मला योग्य वाटत नाही. त्यानंतर दुसरा पर्याय द्या, म्हणजे याच लेखावर, स्वतःच्या आयुष्याचा उल्लेख न करता, प्रकाशित उदाहरण घेऊन नवे टिपण लिहिण्याचा. दहापैकी गुण त्या टिपणाला. आधीच्या पानांची प्रत तुमच्याकडे राहणार की नाही, हे त्यालाच ठरवू द्या.

उत्तर २ : संख्याशास्त्राचा शिक्षक

वरील उत्तरातले पुष्कळ पटले, पण काही शंका मांडल्याशिवाय राहवत नाही. सामाजिक विषयांवरच्या संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॅम्पबेल कोलॅबरेशन या संस्थेने २०१९ मध्ये शाळांमधल्या आघातभान ठेवणाऱ्या कार्यक्रमांचा पद्धतशीर आढावा घेतला, तेव्हा त्यांच्या निकषांत बसणारा एकही परिणाम-अभ्यास त्यांना मिळाला नाही. परिणाम होत नाही असा याचा अर्थ नव्हे, हे मी वर्गात दर वर्षी घसा कोरडा करून सांगतो. पण परिणाम सिद्ध झाल्यासारखी प्रशिक्षणे भरवली जातात, ते खटकते. गोंगाटाच्या प्रयोगावरून वर्गाकडे उडी मारणे हा तर्क म्हणून आकर्षक आहे, पुरावा म्हणून अपुरा. दुसरी शंका अशी की, निक हॅस्लम या मानसशास्त्रज्ञाने २०१६ मध्ये दाखवल्याप्रमाणे आघात, छळ, पूर्वग्रह यांसारख्या संकल्पनांची व्याप्ती गेल्या काही दशकांत सरकत वाढली आहे. नापास होण्यालाही आघात म्हणू लागलो, तर ज्याच्यावर खरोखर संकट कोसळले त्याच्यासाठी आपल्याकडे शब्दच उरणार नाही.

असे असूनही मी माझ्या विषयात काही नियम बदलले आहेत, आणि त्यामागे करुणेपेक्षा न्यायाचा विचार जास्त आहे. मुदतवाढीचेच पाहा. बहुतेक विभागांत नियम कडक असतो आणि व्यवहारात तो शिक्षकाच्या दयेवर सैल होतो. परिणामी ज्याला आपली व्यथा नीट मांडता येते, किंवा रडता येते, त्याला मुदत मिळते आणि जो गप्प बसतो त्याचे गुण जातात. म्हणजे विद्यार्थ्याच्या दुःखाची आपण तोंडी परीक्षा घेतो. हे टाळण्यासाठी मी मुदतवाढ सर्वांना सारखी आणि कारण न विचारता देतो : सत्रातील कोणतेही दोन स्वाध्याय प्रत्येकी तीन दिवस उशिरा देता येतात, त्यासाठी फक्त एका ओळीने कळवायचे, कारण लिहायचे नाही. त्याखेरीज दहा स्वाध्यायांपैकी सर्वोत्तम आठ धरले जातात. या पलीकडच्या मुदतवाढीसाठी विभागातील समन्वयकांकडे जावे लागते, माझ्याकडे नाही, त्यामुळे कोणाचे दुःख मोठे हे मला ठरवावे लागत नाही.

पूर्ण सैल मुदतींच्या मी विरोधात आहे. 'जेव्हा जमेल तेव्हा द्या' असे म्हटले की काम सत्राच्या शेवटी साचते, आणि सर्वांत जास्त साचते ते आधीच विस्कटलेल्या विद्यार्थ्याचे. त्याला सैलपणापेक्षा आधार वाटेल अशी ठरलेली चौकट लागते. वरच्या समुपदेशकांनी 'अंदाज बांधता येणे' म्हटले, ते इथे तंतोतंत लागू पडते.

आणखी एक. हा प्रश्न हिंसा शिकवणाऱ्यांपुरता नाही. माझ्या सरावाच्या माहितीसंचांमध्ये मृत्युदर, अपघात आणि आत्महत्यांचे आकडे असतात, आणि सरासरी काढताना पोरे त्यांवर सहज विनोद करतात. हे आकडे मी वगळलेले नाहीत, पण संच वाटताना पहिल्या ओळीत तो कशाविषयी आहे हे लिहितो, आणि त्याच कौशल्यासाठी हवामानाचा दुसरा संच ठेवतो. यादीतून अचानक नाव पुकारून फळ्यावर बोलावणेही मी सोडले. त्याऐवजी आदल्या दिवशी चार नावे कळवतो. गणिताची भीती ही आघात नव्हे, पण सोय दोघांनाही उपयोगी पडते आणि उत्तरेही बरी येतात.

उत्तर ३ : साहित्याची प्राध्यापिका

इशाऱ्यांच्या प्रश्नाला अजून कोणी नीट हात घातलेला नाही, म्हणून तेवढ्यापुरते लिहिते. 'ट्रिगर वॉर्निंग' या नावाने चालणाऱ्या इशाऱ्यांवर आता बऱ्यापैकी संशोधन झाले आहे. व्हिक्टोरिया ब्रिजलँड, पेटन जोन्स आणि बेंजामिन बेलेट यांनी २०२३ मध्ये उपलब्ध प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात असे दिसले की इशाऱ्यामुळे आशय पाहिल्यावरचा त्रास कमी होत नाही, आशयाची समज सुधारत नाही, आणि उलट आशय समोर येण्याआधीची अस्वस्थता मात्र वाढते. इशारा वाचून लोक तो आशय टाळतात, असेही एकंदरीत आढळले नाही. यावरून काहींनी 'इशारे हे थोतांड आहे' असा निष्कर्ष काढला, आणि समर्थकांनी प्रयोगच कृत्रिम आहेत असे म्हटले. मला दोन्ही प्रतिक्रिया घाईच्या वाटतात.

या प्रयोगांत साधारणपणे 'पुढील मजकुराने तुम्हाला त्रास होऊ शकतो' अशा धर्तीचे वाक्य असते. हे वाक्य वाचकाला त्याच्या भावी मनःस्थितीविषयी भाकीत सांगते, मजकुराविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही, आणि त्यानंतर करण्याजोगे काहीही त्याच्या हाती देत नाही. मी वाचनयादीत जे लिहिते ते वर्णन असते : 'कथा, २२ पाने. पृष्ठ ९ ते ११ वर बलात्काराचा प्रसंग पीडितेच्या निवेदनात येतो. चर्चा प्रामुख्याने निवेदनतंत्रावर होईल. ती तीन पाने न वाचताही चर्चेत भाग घेता येईल.' यात त्रास, भावना, संवेदनशील हे शब्दच नाहीत. कोणत्या तारखेला, किती पाने, आणि न वाचल्यास काय अडेल, एवढेच आहे. अशा वर्णनाने कोणाची चिंता कमी होते असा दावा मी करणार नाही. विद्यार्थी त्यावरून रात्री वाचायचे की सकाळी, एकट्याने की मैत्रिणीसोबत, हे ठरवतात, आणि ते मला पुरेसे आहे.

मात्र प्रत्येक गोष्टीला पर्याय देता येत नाही आणि ते आधीच सांगणे हाही प्रामाणिकपणाचा भाग आहे. न्यायवैद्यक शिकणाऱ्याला जखमांची छायाचित्रे पाहावीच लागतील, फौजदारी कायदा शिकणाऱ्याला लैंगिक गुन्ह्यांचे निकाल वाचावेच लागतील. तिथे विषय निवडण्यापूर्वी हे कळायला हवे, प्रवेशानंतर तिसऱ्या आठवड्यात नव्हे. उलट पुष्कळ अभ्यासक्रमांत भीषण तपशील केवळ परिणामासाठी आणलेला असतो. मी प्रत्येक कठीण उताऱ्यासमोर स्वतःला विचारते की, याऐवजी याच्या निम्मा तपशील असलेला उतारा घेतला तर कोणता मुद्दा शिकवायचा राहील? 'कोणताच नाही' असे उत्तर आले तर उतारा बदलते. यादीतून यापूर्वी बाद झालेले उतारे बहुधा असे होते की ते वाचून वर्ग सुन्न व्हायचा आणि शिक्षकाला तास फार चांगला झाल्यासारखे वाटायचे.

तुमच्या दुसऱ्या सहकाऱ्यांच्या 'जपत बसू नये' या आक्षेपाविषयी एक वाक्य : टाळत राहिल्याने भीती टिकून राहते हे खरेच आहे, आणि भीतीच्या विषयाला हळूहळू सामोरे नेणारे उपचारही त्यावरच उभे आहेत, पण ते उपचार रुग्णाच्या संमतीने, टप्प्याटप्प्याने आणि प्रशिक्षित व्यक्तीसोबत होतात, चाळीस जणांच्या वर्गात न सांगता लावलेल्या चित्रफितीला त्या उपचारांचा दाखला देता येणार नाही.

उत्तर ४ : संशोधक विद्यार्थिनी

मी वर्गात दुसऱ्या बाजूला बसलेली आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. ज्या प्रकारच्या घटनेवर चर्चा चालू असते त्यातून आपण गेलेलो असू, तर त्रास बहुतेक वेळा मजकुराचा होत नाही, वर्गातल्या बोलण्याचा होतो. 'अशा बायका घर सोडून का जात नाहीत?' हा प्रश्न कोणीतरी निरागसपणे विचारते आणि त्यावर वीस मिनिटे अशी चर्चा रंगते, जणू त्या बायका या खोलीत नाहीतच. एका प्राध्यापकांची पद्धत मला आवडली. पहिल्याच तासाला ते म्हणाले की, आपण ज्यांच्याविषयी बोलणार आहोत ती माणसे इथे बसलेली आहेत असे समजूनच बोलायचे, आणि कोणी तसे बोलले नाही तर मी मध्येच थांबवीन. त्यांनी सत्रभरात दोन-तीनदा तसे थांबवलेही, आवाज न चढवता.

शिक्षकांनी हळू आवाजात 'तू ठीक आहेस ना?' असे सर्वांदेखत विचारू नये, ही दुसरी विनंती. त्या क्षणी अख्खा वर्ग वळून बघतो. आणि ज्यांनी काही सोसले आहे त्यांच्याकडून त्या विषयावर 'आतले' मत मिळेल अशी अपेक्षाही ठेवू नये. मला निवेदनशास्त्रात, म्हणजे गोष्ट कशी सांगितली जाते याच्या अभ्यासात, रस आहे आणि माझा प्रबंधही त्यावरच आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. फॉर्मचा विचार सोडला आहे, आणि विद्यार्थिनीला ईमेल आज पाठवते. टिपणाच्या स्वाध्यायाचे शब्द असे बदलते आहे : 'वाचलेल्या लेखातील एक संकल्पना निवडा आणि ती एखाद्या प्रकाशित वृत्तांताला, निकालाला किंवा कथेला लावून पाहा. स्वतःचे किंवा परिचितांचे अनुभव लिहिण्याची अपेक्षा नाही आणि त्यासाठी वेगळे गुण नाहीत.' हजेरीचे गुण माझ्या हातात नाहीत, पण माहितीपटाच्या दिवशी लिखित सारांशावर दोन प्रश्नांची उत्तरे दिल्यास हजेरी धरण्याची मुभा विभागप्रमुखांनी तोंडी मान्य केली आहे. तोंडी मान्यता 'सब घोडे बारा टक्के' म्हणणाऱ्या कार्यालयात कितपत टिकेल हे पाहायचे, म्हणून लेखी मागितली आहे.

एक प्रश्न उरतो. इतके करूनही कोणी स्वतःहून माझ्या खोलीत येऊन सांगू लागले, तर 'हे आपल्या दोघांतच राहील' असा शब्द मी देऊ शकते का?

उत्तर ५ : विद्यापीठातील समुपदेशक

तो शब्द देऊ नका, आणि ऐकून झाल्यावर नव्हे तर आधीच सांगा. अनेक संस्थांमध्ये लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यास शिक्षकाने ती पुढे कळवणे बंधनकारक असते, अल्पवयीन मुलांच्या बाबतीत अनेक देशांचे कायदेही तसेच आहेत, आणि जिवाला धोका असेल तर कोणतीही गुप्तता पाळता येत नाही. तुमच्या संस्थेचा नियम लेखी मागवून घ्या. विद्यार्थी बोलायला लागताच 'तुम्ही पुढे सांगण्याआधी एक सांगते, काही गोष्टी मला पुढे कळवाव्या लागतात, त्या अमुक अमुक' असे म्हटले, तर किती सांगायचे हे तो ठरवू शकतो. हे वाक्य अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकातही छापून ठेवा, म्हणजे ऐन वेळी जीभ अडखळणार नाही.

ऐकताना तपशील विचारू नका. कधी, कोणी, किती वेळा हे प्रश्न चौकशी समितीचे आहेत. 'ऐकते आहे', 'आत्ता तुम्ही सुरक्षित आहात का?', 'मी केंद्रात फोन करू की तुम्ही स्वतः कराल?' एवढ्यावर बहुतेक बोलणी नीट पार पडतात. फोन करायचा ठरल्यास विद्यार्थ्यासमोरच करा. नुसता क्रमांक लिहून दिलेला कागद बरेचदा खिशातच राहतो.

आणि तुमच्याविषयी. लिसा मॅकॅन आणि लॉरी ॲन पर्लमन यांनी १९९० मध्ये, पीडितांचे अनुभव सतत ऐकणाऱ्या उपचारकांच्या स्वतःच्या जगाकडे पाहण्याच्या नजरेतच बदल होतो, हे मांडले. हिंसेवरच्या जबान्या वर्षानुवर्षे वाचून शिकवणाऱ्या शिक्षकांनाही ते थोड्याफार प्रमाणात लागू होते असे माझे कामातले निरीक्षण आहे. अशा टिपणांचा गठ्ठा रात्री झोपण्यापूर्वी तपासू नये, आणि लागोपाठच्या दोन सत्रांत हा विषय एकाच व्यक्तीने शिकवू नये, असे मी विभागांना सुचवतो. पहिली सूचना सगळे मान्य करतात. दुसरीसाठी मनुष्यबळ नसते, तरीही विभागप्रमुखांना लेखी मागणी करतच आहात, तर त्याच पत्रात हीही ओळ घाला.